विहिरीच्या लॉगवरून तेल-पाण्याची पातळी कशी ठरवावी

मुंबई हायचं तेल समुद्राखालच्या पाइपलाइनने उरणला येतं आणि त्या कामाशी जोडलेल्या ओएनजीसीच्या संस्था पनवेलला आहेत. नवी मुंबईत भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या मुलांना म्हणूनच एक प्रश्न हमखास पडतो: जमिनीखाली तेल कुठे संपलं आणि पाणी कुठे सुरू झालं, हे कळतं कसं?

खाली तेलाचं तळं नसतं. मुंबई हायमध्ये तेल आहे ते मुख्यतः चुनखडकाच्या बारीक छिद्रांत. तेल हलकं म्हणून वर, पाणी खाली. विहीर खोदून झाली की केबलला बांधलेली उपकरणं तळापर्यंत सोडतात आणि वर ओढताना खडकाचे गुणधर्म मोजत आणतात. त्या नोंदींचा उभा आलेख म्हणजे लॉग.

सगळ्यात आधी खोली नीट करून घ्या. लॉगवरची खोली रिगच्या मजल्यापासून आणि विहिरीच्या वाटेने मोजलेली असते. समुद्रातल्या एका प्लॅटफॉर्मवरून अनेक विहिरी तिरक्या जातात. विहीर उभ्या रेषेपासून 60 अंश कललेली असेल, तर वाटेवरचे 10 मीटर म्हणजे प्रत्यक्षात 5 मीटरच खोली. समुद्रसपाटीपासूनची उभी खोली काढल्याशिवाय दोन विहिरींची तुलना करूच नका.

मग गॅमा रे, म्हणजे खडकातून नैसर्गिकपणे येणाऱ्या किरणांची नोंद, पाहा. आकडा चढा असेल तिथे बहुधा शेल, म्हणजे चिखलापासून बनलेला खडक, उतरेल तिथे स्वच्छ चुनखडक किंवा वालुकाश्म. शेलचे पट्टे बाजूला काढा. घनता आणि न्यूट्रॉन लॉग एकत्र वाचून उरलेल्या खडकाची सच्छिद्रता, म्हणजे त्यात छिद्रांचा वाटा किती, ते काढा.

आता रेझिस्टिव्हिटी, म्हणजे विद्युतरोध. खडकातलं खारं पाणी वीज वाहून नेतं, तेल नेत नाही. त्यामुळे तेलाच्या भागात, विहिरीच्या भिंतीपासून खडकात खोलवर वाचणारी रेषा चढी राहते आणि पाण्यात शिरताच कोसळते. पण ती कोसळली तिथेच पेन्सिलने रेघ मारायची घाई नको. घट्ट, छिद्रं नसलेला चुनखडकही रोध जास्त दाखवतो, आणि पायराइट हे वीज वाहणारं खनिज असेल तर तेल असूनही रोध पडतो.

म्हणून छिद्रांत पाणी किती ते रोधावरून काढणारं आर्चीचं 1942 सालचं सूत्र लावायचं. समजा सच्छिद्रता 20 टक्के, पाण्याचा रोध 0.05 ओहम-मीटर आणि सूत्रातले दोन्ही घातांक 2 धरले. पूर्ण पाण्याने भरलेल्या खडकाचा रोध येईल 0.05 भागिले 0.04 (0.20 चा वर्ग), म्हणजे 1.25 ओहम-मीटर. लॉगवर 20 दिसत असेल, तर 1.25 भागिले 20 चं वर्गमूळ 0.25. छिद्रांत पाणी 25 टक्के, बाकी तेल. हे गणित दर अर्ध्या मीटरला करत खाली या. पाणी हळूहळू 100 टक्क्यांकडे जाताना दिसेल. फडक्याचं टोक भिजवलं की पाणी वर चढतं, तसं ते बारीक छिद्रांतून चढलेलं असतं. खडक जितका घट्ट, तितका हा संक्रमणाचा पट्टा जाड.

या पट्ट्यातली नेमकी रेघ शोधायला दाब मोजावा, असं माझं ठाम मत आहे. उपकरण विहिरीच्या भिंतीला टेकवून थोडा द्रव ओढतात आणि त्या खोलीवरचा दाब नोंदवतात. तेलात दाब मीटरला साधारण 1.13 पीएसआयने (पीएसआय हे दाबाचं एकक) वाढतो, खाऱ्या पाण्यात 1.45 ने. समजा 1350 मीटरवर तेलात 2000 पीएसआय आणि 1400 मीटरवर पाण्यात 2062 पीएसआय मिळाले. दोन्ही रेषा वाढवल्या की त्या सुमारे 1383 मीटरवर भेटतात. ही मुक्त पाण्याची पातळी. तेल-पाण्याची प्रत्यक्ष सीमा तिच्यावर किंवा किंचित वर असते. दोन उतारांत फरक फक्त 0.32 चा, म्हणून दाबात 1 पीएसआय चुकला तरी पातळी 3 मीटरने सरकते. एका बिंदूवर भागवू नका. दोन्ही बाजूंना बरेच बिंदू घ्या आणि घट्ट खडकात अडकून फुगलेले दाब वगळा.

कधी सीमा विहिरीत दिसतच नाही, कारण नेमक्या त्या जागी शेल असतं. तेव्हा मधला आकडा अंदाजाने भरू नका. ‘तेल इथपर्यंत दिसलं’ आणि ‘पाणी इथून दिसलं’ अशा दोन खोल्या लिहा. त्यांच्यामधल्या मीटरांवर साठ्याचा अंदाज केवढा तरी हलतो.

जुन्या क्षेत्रात आणखी एक काळजी घ्यावी लागते. तेल काढलं की पाणी वर येतं, आणि विहिरीत पोलादी केसिंग, म्हणजे भिंतीला आधार देणारी नळी, बसलेलं असल्याने नेहमीची रेझिस्टिव्हिटी चालत नाही. तिथे केसिंगमधून वाचणारा स्पंदित न्यूट्रॉन लॉग घेतात. पातळीच्या आकड्याशेजारी तो लॉग कोणत्या तारखेला घेतला, हे लिहायला विसरू नका.