प्रबंधातला दुवा पुढेही उघडावा म्हणून

पीएचडीचे विद्यार्थी वाङ्मयचौर्य तपासणीसाठी आमच्या ग्रंथालयात प्रबंध घेऊन येतात, तेव्हा मी त्यांना आधी संदर्भसूचीतले दुवे उघडायला लावते. संस्थेने संकेतस्थळ नव्याने बांधलं की ब्राउझरच्या पट्टीतून उचललेले जुने पत्ते बंद पडतात. मग विधानाला आधार काय होता, हे पुढच्या अभ्यासकाला तपासताच येत नाही. इतक्या मेहनतीचं असं झालेलं मला बघवत नाही.

लेख घेताना पहिल्या पानावर डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, शोधा. त्याची सुरुवात १० ने होते. मग टिंब, नोंदणीचा क्रमांक, तिरकी रेघ आणि त्या लेखाची खूण. सूचीत तो डीओआय डॉट ऑर्गच्या पूर्ण पत्त्यासह लिहा. जुन्या लेखांत आधी 'डीएक्स' दिसतं, ते आता लागत नाही. नियतकालिक दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलं तरी डीओआय तोच राहतो, फक्त नोंदीतला पत्ता प्रकाशकाने बदलायचा असतो. तो हे काम करेलच असं नाही, म्हणून लेखक, शीर्षक, वर्ष कधी गाळू नका.

भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा हे विद्यापीठांच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार पाहा. प्रबंधाच्या पानावर 'यूआरआय'पुढे १०६०३ हा आकडा असलेला हँडलचा, म्हणजे डीओआयसारखाच कायम टिकणारा पत्ता असतो, तो घ्या. प्रकरणाच्या पीडीएफचा नको.

महाविद्यालयांच्या डिजिटल भांडारांत मात्र डोळे उघडे ठेवा. त्यातली बरीचशी डीस्पेस या मोफत सॉफ्टवेअरवर चालतात. ते बसवताना हँडलचा उपसर्ग म्हणून १२३४५६७८९ हा नमुन्याचा आकडा आलेला असतो. शुल्क भरून स्वतःचा उपसर्ग नोंदवला नाही, तर प्रत्येक नोंदीवर तोच चिकटतो. पत्ता दिसतो अगदी खऱ्या हँडलसारखा, पण हँडल डॉट नेटवर टाकला की तुमचा दस्तऐवज काही मिळत नाही. ग्रंथपाल मित्रमैत्रिणींनो, आपापल्या भांडारात हा आकडा आजच बघा. शुल्क फार नाही, आणि विद्यार्थी आपल्या भरवशावर ते पत्ते छापतात.

शासन निर्णयाला डीओआय नसतो. पण शेवटच्या परिच्छेदात 'त्याचा संकेतांक' असं म्हणून एक लांबलचक आकडा दिलेला असतो. निर्णयाचा क्रमांक आणि तारखेबरोबर तोही उतरवा. संकेतस्थळ बदललं तरी शोधायला धागा राहतो.

बातमी किंवा साधं वेबपान असेल तर पानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीन या संकेतस्थळाच्या 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये पत्ता टाका. मिळालेल्या दुव्यातल्या १४ आकड्यांत वर्षापासून सेकंदापर्यंतची वेळ असते. जतन झालेलं पान उघडून मजकूर खरोखर दिसतो ना, ते पाहा. काही पानं कोरीच येतात. सूचीत मूळ पत्ता आणि हा, दोन्ही द्या.

तुमची स्वतःची सामग्री, समजा जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणं, झेनोडो या संशोधन-सामग्रीच्या ऑनलाइन भांडारात ठेवता येते. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेची ही सेवा २०१३ पासून आहे आणि डीओआय फुकट देते. प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय मिळतो आणि सगळ्यांना मिळून एक. प्रबंधात वापरलेल्या आवृत्तीचाच द्या. गाणाऱ्या बायकांची परवानगी मात्र आधी घ्या, कारण एकदा प्रसिद्ध केलेली नोंद पुढे केव्हाही मनात आलं म्हणून पुसता येत नाही.

छपाईला देण्याआधी सगळे दुवे कॉलेजच्या वायफायबाहेर, मोबाईलच्या नेटवर, खासगी विंडोत उघडून पाहा. कॉलेजच्या लॉगिनमधून उचललेले पत्ते तिथे लगेच अडतात.