अनुबियास पुरू नका, बांधा

अनुबियास हे माशांच्या टाकीत लावायचं रोप, मूळचं पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं. नवं पान यायला 3-4 आठवडेही लागतात, तेव्हा घाई असणाऱ्यांनी दुसरं काही लावावं. त्याचं जाड, आडवं खोड वाळूत पुरलं की सडतं. दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधा. मुळं आपोआप पकड घेतात. दिवा 6-7 तास पुरे, जास्त उजेडात पानांवर शेवाळ चढतं. नागपुरात खरी परीक्षा मे महिन्यात. पाणी 30 अंशांपुढे जाऊ लागलं की टाकीचं झाकण काढून पाण्यावर छोट्या पंख्याचा वारा सोडा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तो कूलरसारखंच काम करतो, पाणी 2-3 अंशांनी उतरतं. पातळी मात्र रोज घटते; क्लोरीन काढलेलं पाणी घालत राहा. उड्या मारणारे मासे असतील तर वर जाळी हवीच.