परदेशी भागीदार घेताय? करातल्या या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत बसलो होतो. मालकांनी टेबलावरची वाळू झटकून मोबाइल पुढं केला. 'दुबईत टॅक्स शून्य.' "साहेब, कंपनी तिथं टाकू, पैसा तिथनं इकडं आणू. जमंल न्हवं?"

फॉरवर्ड जुना होता. जून 2023 पासून यूएईत, म्हणजे दुबईतही, 3,75,000 दिरहमच्या वरच्या नफ्यावर 9 टक्के कर आहे. फ्री झोनची, म्हणजे तिथल्या खास उद्योग-क्षेत्रांची, करसवलत अटी पाळणाऱ्यांनाच. शिवाय उलाढाल 50 कोटींच्या वर गेली आणि सगळे निर्णय कुपवाडच्या केबिनमध्येच होत राहिले, तर आपलं आयकर खातं त्या कंपनीला इथलीच धरू शकतं.

दुसरी चूक प्रोजेक्ट रिपोर्टमधली. 2019 मध्ये नव्या कारखान्यांना 15 टक्क्यांचा दर जाहीर झाला, तो अजून लोक लिहितात! उत्पादन 31 मार्च 2024 पर्यंत सुरू होणं ही त्याची अट होती. आज 22 टक्के धरा, सरचार्ज-सेससह 25.17. परदेशी माणूस हा आकडा ऐकून पळत नाही. 2012 चा पूर्वलक्षी, म्हणजे आधी होऊन गेलेल्या व्यवहारांवरचा, कर मात्र अनेकांच्या मनात घर करून बसला होता. तो 2021 मध्ये मागे घ्यावा लागला.

सगळ्यात महागात पडते ती तिसरी चूक. जर्मन कंपनीला तांत्रिक सेवेची फी देताना आपल्या कायद्यानं 20 टक्के कर कापायचा, जर्मनीशी असलेल्या करारानं 10. पण 10 कापायचे तर त्यांच्या कर कार्यालयाचा रहिवासी दाखला हातात हवा. माझ्या एका पक्षकारानं "दाखला येईल मागनं" म्हणत 10 टक्केच कापले. दाखला काही आला नाही, नोटीस आली. त्यातून करारात 'कर वगळून निव्वळ 10 लाख' असं लिहिलेलं, म्हणजे जर्मनांच्या हाती पूर्ण 10 लाख, वरचा कर आपला. म्हणजे 10 टक्क्यांनी खर्च 11.11 लाख, 20 नं 12.50 लाख, सरचार्ज-सेस वेगळाच. फरक आणि व्याज दोन्ही पक्षकाराच्याच खिशातून. म्हणून करारावर सही करण्याआधी 'निव्वळ' हा शब्द शोधा, आणि दाखला आल्याशिवाय बँकेत जाऊ नका.

भांडवल आलं असेल तर पैसे जमा झाल्यापासून 60 दिवसांत शेअर द्या. त्यानंतर 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर एफसी-जीपीआर, म्हणजे परदेशी भागधारकाला शेअर दिल्याचा फॉर्म, भरा. संचालकांच्या सह्या गणपतीच्या आधीच उरकून घ्या, नंतर कोणी सापडत नाही.