सरकारी कामावरची मजुरी: या चुका टाळा

बिल सादर करायच्या आदल्या रात्री ठेकेदाराचा फोन येतो. "साहेब, तीन महिन्यांचं मस्टर बनवून द्या ना." मी नाही म्हणतो. मस्टर म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, ते रोज संध्याकाळी साइटवर भरायचं असतं. सरकारी बांधकामांच्या मजुरीचे कागद तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, तरी दर हंगामात तेच घोळ पुन्हा समोर येतात.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे मजुरांचे पैसे मुकादमाच्या हाती देऊन मोकळं होणं. एका शाळेच्या इमारतीचं काम होतं. ठेकेदार सरळ माणूस, कुणाचा रुपया बुडवणारा नव्हे. शनिवारची खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चाची उचल, आणि महिनाअखेरचा हिशेब, सगळं तो मुकादमाच्या खात्यावर टाकायचा. शिमग्याला मुकादम गावी गेला तो परत आलाच नाही. सोमवारी सकाळी चौदा माणसं साइटच्या दारात बसलेली, त्यात तीन बाया कडेवर पोरं घेऊन. मुकादमाची वही खोपटात सापडली. एका बिगाऱ्याच्या नावापुढे चार वेळा 'खर्ची ५००', मग एक आडवी रेघ, आणि रेघेखाली काहीच नाही. सही नाही, अंगठा नाही. ठेकेदार सारखा म्हणत होता, "मी पैसे दिलेत हो." दिले होते, पण मजुराला नव्हते दिले. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी काम काढणाऱ्या खात्यावर येते, आणि खातं ती त्याच्या बिलातून कापून घेतं. तसंच झालं. एकाच कामाची मजुरी त्याने दोनदा मोजली. पैसे हातात पडेपर्यंत त्या बायांनी दुकानदाराच्या उधारीवर दिवस काढले, त्याची भरपाई मात्र कुणी केली नाही.

तेव्हापासून मी एकच सांगतो: पैसे थेट मजुराच्या खात्यावर, खर्चीसुद्धा. रोख द्यावीच लागली तर त्याच्याच हातात, आकडा मोठ्याने वाचून, सही किंवा अंगठा तिथल्या तिथे. संध्याकाळची हजेरी झाली की त्या पानाचा मोबाइलवर फोटो. मजुराकडेही त्याच आकड्यांची छोटी वही. एवढ्याला दहा मिनिटं लागतात. ज्याच्याकडे तेवढी नाहीत त्याने सरकारी काम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक कुशल-अकुशल वर्गवारीची. भरतीच्या दिवशी पोरगा बिगारी म्हणून लागतो. सहा महिन्यांत तो नकाशा बघून रिंगा वाकवायला, सळई बांधायला शिकतो, पण कागदावर अजून 'अकुशल'च. मी साइटवर गेलो की आधी माणसाच्या हातात काय आहे ते बघतो. थापी आणि ओळंबा असेल आणि मस्टरवर अकुशल लिहिलं असेल, तर तिथेच नोंद बदलायला लावतो. ज्या दिवशी जे काम, त्या दिवशी तो दर. घमेली वाहणाऱ्या बाईला गड्यापेक्षा कमी देणं तर सरळ बेकायदा आहे, तरी ते अजून चालतं याचा मला फार राग येतो.

जुना दर चालू ठेवू नका. राज्याच्या कामांवर किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, रेल्वेसारख्या केंद्राच्या कामांवर महागाई भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. काम कुणाचं हे आधी बघा, मग दरांचा तक्ता उघडा.

सरकारी दरसूचीतला मजुरीचा आकडा अंदाजपत्रकासाठी असतो, तो पगार नव्हे. टेंडर बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने, भरलं, हे मजुरी कापायचं कारण होत नाही. मजुराने कमी दराला राजी असल्याचं लिहून दिलं, तरी तो कागद टिकत नाही.

जादा तासांना दुप्पट दर. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. काम सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पूर्ण.

"काम संपलं, कागद फेकले" असं करू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. पूर्वी मजुराला बुडालेल्या मजुरीचा दावा करायला सहा महिने मिळायचे, आता तीन वर्षं मिळतात, आणि मजुरी दिली हे सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे.

शेवटची चूक कुणी चूक मानतच नाही: ९० दिवसांच्या दाखल्यावर सही न करणं. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. मंडळासाठीचा १ टक्का उपकर बिलातून कापला जातोच, मग सही करायला काय जातं? मस्टर खरं असेल तर तो दाखला मी पाच मिनिटांत भरून देतो. मस्टर खोटं असेल तर ठेकेदार सहीला घाबरतो, आणि तिकडे त्या मजुराच्या पोरीचा मंडळाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज अडून राहतो.