घरची रोलप्लेइंग सिस्टीम रचताय? या चुका टाळा

होमब्रू, म्हणजे घरी रचलेली, सिस्टीम (पात्रं घेऊन, फासे टाकून गोष्ट खेळायचे नियम) करणारं कुणी भेटलं की मी आधी एकच विचारतो: कडा चढायला फासा किती वेळा टाकायचा? "कडा जितका उंच तितक्या वेळा" असं उत्तर आलं की खेळ कुठे अडकणार ते कळतं.

मी हे स्वतः भोगलंय. माझ्या जगात एक डोंगरी किल्ला होता. चार खेळाडू, अमावस्येची रात्र, मागच्या कड्यावरून चढून आतून दिंडी उघडायची. मी कड्याचे तीन टप्पे पाडले. प्रत्येकाने प्रत्येक टप्प्याला वीस बाजूंचा फासा टाकायचा, 8 किंवा जास्त आले की पार. म्हणजे 65 टक्के. सोपं वाटलं. पण एकट्याने तिन्ही टप्पे पार करण्याची शक्यता उरते 27 टक्के, आणि चौघांचे बाराही फासे लागण्याची 1 टक्क्याहूनही कमी. दीड तास आम्ही त्या कड्यावरच. कुणी पडतंय, कुणी दोर बांधतंय, पुन्हा पडतंय. जिने ही वाट सुचवली होती ती मुलगी शेवटी मोबाइल बघत बसली. दिंडी उघडलीच नाही.

तेव्हापासून माझ्याकडे एका अडथळ्याला एकच फासा. सगळ्यात तयारीचा गडी टाकतो, बाकीचे त्याला हात देतात. आणि फासा हुकला तरी गोष्ट पुढे सरकते: वर पोचलात, पण पायाखालचा दगड सुटला आणि पहारेकऱ्याची मशाल तुमच्याकडे वळली.

दुसरी चूक म्हणजे फासे बदलायचे आणि बोनस, म्हणजे दानात मिळवायचे आकडे, तेच ठेवायचे. वीस बाजूंच्या फाशावर +1 म्हणजे 5 टक्क्यांची भर. दोन साध्या फाशांवर 7 हवे असतील तर 36 पैकी 21 दानं तुमची. +1 दिला की 26, +3 ची तलवार दिली की 33. मग तलवारवाला जवळजवळ हुकतच नाही. वहीत सहा बाय सहाचे चौकोन आखा, बेरजा भरा. दहा मिनिटांचं काम आहे. कॅल्क्युलेटर वापरू नका. हाताने भरलेला आकडा डोक्यात राहतो. एवढाही धीर नसेल तर तयार सिस्टीम घेऊन खेळा, त्यात काही कमीपणा नाही.

पहिल्या सेशनआधी जगाचा तीन हजार वर्षांचा इतिहास लिहू नका. एक गाव आणि एक भांडण पुरतं.

लढाईला चाळीस पानं आणि मन वळवायला एक ओळ असेल, तर खेळाडू तलवारच उपसणार. 1974 च्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाची मुळं युद्धखेळांत होती, तिथे ते साहजिक होतं. दरबारी कारस्थानांच्या जगात ते चालणार नाही.

एका सेशननंतर एकच नियम बदला.

आणि स्वतः चालवलेली प्लेटेस्ट, म्हणजे नियमांची चाचणी, मोजू नका. न लिहिलेले नियम तुमच्या डोक्यात असतात, ते तुम्ही नकळत वापरता. मी कागद दुसऱ्या जीएमच्या (गेम मास्टर, खेळ चालवणारा) हाती देतो आणि पेन घेऊन कोपऱ्यात बसतो. "आता काय?" म्हणून कुणी माझ्याकडे बघितलं की उत्तर देत नाही, ती ओळ अधोरेखित करतो. गेल्या वेळी अशा अकरा ओळी निघाल्या.