थंडीआधी लॉनच्या मुळांची सोय

पहिल्या वर्षी थंडीच्या तोंडावर मी लॉनला सढळ हाताने युरिया घातला. महिनाभर गवत असं हिरवंगार झालं की मी स्वतःवरच खूश होतो. मग कडाका पडला, लुसलुशीत पात्यांवर बुरशीचे गोल चट्टे उठले आणि वसंतात जागोजागी टक्कल. तेव्हापासून पानगळीच्या दिवसांत मी पात्यांचे लाड बंद केले; नत्र (युरियात असतं ते) कमी, पालाश (पोटॅश) जास्त असलेलं खत देतो, तेही बेताने.

हे सगळं थंड हवेच्या गवतासाठी, म्हणजे राय, फेस्क्यू, ब्लूग्रास. हरळीच्या जातीचं गवत थंडीत झोपतं. त्याच्या मातीला आत्ता भोकं पाडू नका, पुन्हा फुटायला लागल्यावर बघू.

आधी दंताळ्याने बुडाशी साचलेल्या मेलेल्या काड्या ओढून काढा. मग खरं काम: माती मोकळी करणं. पात्यांची वाढ मंदावली तरी जमीन उबदार असेतो मुळं वाढतात, त्यांना हवा हवी. वाफसा बघा. मुठीत दाबलेलं ढेकूळ बोट लावताच फुटलं पाहिजे. चिकटलं तर दोन दिवस थांबा. बागकामाचा दातेरी काटा (फोर्क) मातीत आठ-दहा सेंटीमीटर खोल, दर दहा-पंधरा सेंटीमीटरवर, आणि किंचित हलवून बाहेर. चिकणमातीत मात्र पोकळ दात्यांचं अवजार घ्या; साधा काटा भोकांच्या कडा उलट दाबून बसवतो. येण्याजाण्याच्या वाटेवर दुप्पट भोकं पाडा. कंबर बोलते, पण वर्षातून एकदाच. वरून चाळलेलं कंपोस्ट आणि वाळू अर्धा सेंटीमीटर पसरून झाडूने भोकांत लोटा. पात्यांची टोकं दिसत राहिली पाहिजेत.

रिकाम्या जागी लगेच बी टाका, कडाक्याच्या थंडीला सहा आठवडे तरी बाकी असताना. राय आठवड्यात उगवतं, ब्लूग्रासला तीन-चार आठवडेही लागतात. मी दहाव्या दिवशी धीर सोडून पुन्हा पेरलं होतं. नंतर अशी दाटी झाली की विचारू नका.

गवत वाढतंय तोवर कापणी चालू ठेवा, पण पाच-सहा सेंटीमीटरच्या खाली नको, आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. पाचोळा विरळ असेल तर त्यावरूनच मशीन फिरवा. दाट थर उचला, खाली उजेड पोचत नाही.

आणि दव गोठलेलं असताना लॉनवर पाय ठेवू नका. पात्यांच्या पेशी फुटतात आणि पावलांचे तपकिरी ठसे कित्येक दिवस जात नाहीत. आमच्याकडचे ठसे कुत्र्याचे निघाले, त्यामुळे कुणाला बोलताही आलं नाही.