शेजारच्या बांधकामाचा धोका: तक्रार कशी लिहावी
‘बांधकाम बेकायदा आहे’ एवढंच लिहिलेली तक्रार बहुतेकदा फायलीत झोपते. त्याऐवजी दिसणारा धोका लिहा: पाया खणताना मातीला आधार दिलेला नाही, परांचीला कठडा नाही, आपल्या भिंतीला तडा गेलाय. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख टाका, पट्टी धरून फोटो काढा आणि आठवड्याने त्याच जागेवरून पुन्हा काढा. तडा वाढतोय हे दाखवणारे दोन फोटो पानभर संतापापेक्षा जास्त काम करतात. (फोटोसाठी साइटवर मात्र शिरू नका.)

तक्रार लेखीच द्या आणि पोच घ्या. मागणी एकच, नेमकी: जागेची पाहणी करून अहवालाची प्रत द्यावी. फोनवर आश्वासन मिळालं, तर त्याच दिवशी ‘आपण असं सांगितलंत’ म्हणून ईमेल करा. आगाऊपणा वाटतो, पण नंतर कामी येतो. उत्तर आलं नाही तर नवी तक्रार नको, जुनाच क्रमांक टाकून वरिष्ठांकडे जा.

काही कोसळण्याच्या बेतात असेल, तर हे सगळं नंतर. आधी बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला फोन करा.